पोट टेकलं!

माणसाला छंद असावा, पण तो पार्किंगमध्ये मावणारा असावा, असं माझ्या सासूबाईंचं मत आहे. त्यांच्या धाकट्या चिरंजिवांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, जी पिकअप घेतली आहे तिची लांबी सव्वापाच मीटरच्या पुढे जाते. इमारतीच्या नकाशात मोठ्या मोटारीसाठी जी चौकट आखतात ती असते अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. त्यामुळे गाडी मागच्या भिंतीला टेकवून लावली तरी तिचं नाक वीतभर पुढे राहतंच. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ नावाचं जे कलम असतं, त्याला हे नाक दरवर्षी आयतं मिळतं. ‘वाहनाचा पुढे आलेला भाग सामायिक जागेवरील अतिक्रमण समजावा’ असा ठराव एकदा अध्यक्षांनी मांडला होता. त्यावर मेव्हण्याने उपसूचना दिली की, सदर भाग सुटा करून घरात नेता येत नसल्यामुळे ती नैसर्गिक आपत्ती समजावी. उपसूचना मतदानाला गेली नाही. चहा आला.

आपल्याकडे हौशी लोकांच्या हातात ज्या मोठ्या पिकअप दिसतात त्या बहुतेक दोनच. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, जी २०१६ मध्ये आली, आणि टोयोटाची हायलक्स, जी २०२२ मध्ये आली. मेव्हण्याकडे यांतलीच एक आहे. कोणती ते सांगत नाही, कारण दोन्हींचे मालक फार हळवे असतात. दोन्हींत माणसांना पाच जागा, मागे उघडा हौदा, चारही चाकांना ताकद, आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत तीन मीटर नऊ सेंटिमीटरच्या आसपास अंतर. या अंतराला व्हीलबेस म्हणतात. पुढे या लेखात जे काही बरंवाईट घडणार आहे ते सगळं या तीन मीटरांमुळे, तेव्हा तेवढं ध्यानात असू द्या.

महाराष्ट्रात पिकअप ही काही नवलाची वस्तू नाही. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, बकऱ्या, वऱ्हाड, गणपती, भजनी मंडळ आणि निवडणुकीचे कार्यकर्ते हे सगळे आळीपाळीने, प्रसंगी एकत्र, पिकअपमधूनच जातात. त्यामुळे सॉफ्टवेअरमधल्या मुलाने स्वतःच्या पैशांनी पिकअप घेतली, आणि तीही मागे काही न भरण्यासाठी, हे पचवायला घरच्यांना वेळ लागला. इस्लामपूरच्या मावशींनी फोनवर हळूच विचारलं, “नोकरी गेली का रे?” मामा अधिक व्यवहारी. त्यांनी थेट ‘किलोमीटरला काय भाव धरतोस’ असं विचारून साखर कारखान्यात ओळख काढायची तयारी दाखवली. मित्रांचं मात्र बरं झालं. पुण्यात ज्याच्याकडे पिकअप आहे त्याला मित्रांची वाण कधी पडत नाही, विशेषतः महिनाअखेरीला, जेव्हा भाड्याची घरं बदलतात. गाडी घेतल्यापासून तिने डोंगर जितके पाहिले त्याहून जास्त फ्रिज पाहिले असावेत.

आता त्या तीन मीटरांकडे येऊ.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा व्हीलबेस होता ८० इंच, म्हणजे दोन मीटरला किंचित वर. तीच जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतली आणि आपल्याकडच्या आडवाटांचा सोयरसंबंध त्या आखूड गाडीशी जुळला. पुढे मारुतीची जिप्सी आली १९८५ मध्ये, तिचा २३७५ मिलिमीटर. थारचा २४५०. म्हणजे मामलेदारापासून वनरक्षकापर्यंत आणि डॉक्टरपासून पुढाऱ्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी वाट नसलेल्या ठिकाणी गाड्या घातल्या, त्यांच्या गाड्या अडीच मीटरांच्या आतल्या. उंचवटा आला की पुढची चाकं वर जायची, लगेच खाली उतरायची, मागची चाकं पाठोपाठ यायची, आणि गाडीला पोट आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

लांब गाडीचं तसं नाही. तिची पुढची चाकं उंचवटा ओलांडून पलीकडे उतरतात तेव्हा मागची चाकं अजून अलीकडच्या गावात असतात. मधल्या तीन मीटरांत पोट असतं, आणि उंचवट्याचा माथा बरोबर तिथे येतो. मग ‘खर्र्र’ असा एक आवाज होतो. हा आवाज एकदा ऐकला की मालकाला इंजिनाचा, गाण्यांचा, बायकोचा, कुठलाच आवाज पुढे दिवसभर ऐकू येत नाही.

याचं गणितही आहे, आणि ते क्रूर आहे. थार काय किंवा या पिकअप काय, जमिनीपासून पोटापर्यंतची जागा साधारण सारखीच, सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास. पण उंचवटा पार होणार की नाही हे नुसत्या उंचीवर ठरत नाही, उंची आणि व्हीलबेस यांच्या प्रमाणावर ठरतं. २४५० ला जे काम सव्वादोनशेत भागतं, त्याच कामाला ३०९० ला पावणेतीनशेच्या वर उंची लागते. म्हणजे साठेक मिलिमीटर जास्त. म्हणजे दोन-अडीच इंच. बाजारात गाडी उचलायचं जे सामान मिळतं, ज्याला लिफ्ट किट म्हणतात, ते बहुतेक करून दोन इंचांचं असतं. त्यावर दोन इंच जास्त व्यासाचे टायर घातले की पोट आणखी एक इंच वर जातं, कारण व्यासाचा अर्धाच भाग उंचीला मिळतो. एवढं सगळं झालं की लांब गाडी, उंचवट्यापुरती, आखूड गाडीच्या बरोबरीला येते. शेजारची थार कारखान्यातून जिथे निघते तिथे पोचायला मेव्हण्याला दोन वर्षांचे बोनस लागले.

हे गणित मी त्याला कागदावर करून दाखवलं. तो म्हणाला, “दाजी, तुम्ही कधी ओढ्यात गाडी घातलीय का?” हा त्या मंडळींचा ब्रह्मास्त्रासारखा वापरायचा प्रश्न आहे. वादात हरत आलं की काढतात.

मॉडिफिकेशनचं खरं दुखणं खर्च हे नव्हे. खर्च सगळ्याच व्यसनांना असतो. दुखणं असं की एक बदल दुसऱ्याला बोलावतो. आधी पुढचा प्लॅस्टिकचा बंपर काढून लोखंडी बसवला, कारण विंच बसवायची होती. विंच म्हणजे तारेचा किंवा दोराचा विजेवर फिरणारा रहाट. गाडी अडकली की दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःच स्वतःला ओढून काढायचं. बारा हजार पौंड ओढणारी विंच, वर लोखंडी बंपर, यांचं वजन नाकावर आलं. नाक खाली वाकलं. जी दोन इंच उंची पैसे मोजून मिळवली होती तिच्यातली थोडी परत गेली. मग पुढच्या स्प्रिंगा जाड केल्या. त्या जाड झाल्यावर पुढून गाडी ताठ झाली, मागे हौदा रिकामा, आणि मागचे पाटे तर मुळात गोण्या भरल्यावर बसावेत म्हणून केलेले. रिकाम्या हौद्याची पिकअप स्पीडब्रेकरवरून गेली की मागे बसलेल्या माणसाला आपल्या मणक्यांची नावं आठवतात. उपाय म्हणून हौद्यात वजन ठेवायचं ठरलं. वजन म्हणजे काय, तर वर कॅनोपी, आत ड्रॉवर, फ्रिज, कॉम्प्रेसर, फावडं, दोन जेरीकॅन, चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या पाट्या आणि टपावर उघडणारा तंबू. तात्पर्य, जी गाडी माल वाहायला केली होती तिच्यातला माल काढून, तिला हलकी केली म्हणून ती उडते, आणि उडते म्हणून तिच्यात पुन्हा माल भरला. फरक एवढाच की कांदे विकता आले असते.

टपावरच्या तंबूबद्दल सासूबाईंचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. “चांगलं तीन खोल्यांचं घर सोडून शिडी लावून गाडीच्या डोक्यावर कशाला झोपायचं?” मेव्हणा म्हणाला, “आई, तिथे शांतता असते.” त्यावर त्या म्हणाल्या, “तू इथून गेलास की इथेही असते.”

एक नळकांडं मात्र मला मनापासून आवडतं. त्याला स्नॉर्केल म्हणतात. इंजिनाला हवा लागते, आणि ती नेहमी बॉनेटच्या आतून घेतली जाते. पाण्यात गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, त्यामुळे आतले दांडे वाकतात आणि इंजिनाचे बारा वाजतात. म्हणून हवेचं तोंड नळकांड्याने काचेच्या बाजूने टपापर्यंत वर न्यायचं. कल्पना उत्तम. पण लोकांची समजूत अशी की स्नॉर्केल लावलं की गाडी पाणबुडी झाली. तसं नाही. दारं, सीटं, वायरी आणि ड्रायव्हर हे सगळे जुन्याच उंचीवर राहतात. मेव्हण्याचं स्नॉर्केल आजवर मुख्यतः द्रुतगती मार्गावर वापरलं गेलंय, आणि तिथे एकदाही पाणी शिरलेलं नाही.

कायद्याचं काय, असं एखादा वकील विचारील. कायदा जागा आहे. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने पुढे लावायच्या त्या लोखंडी बुल-बारांवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं, कारण त्यांच्यामुळे पादचाऱ्यांना धोका, आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हापासून या मंडळींच्या बोलण्यात ‘तात्पुरतं’, ‘बोल्टवर’ आणि ‘प्रदर्शनासाठी’ हे शब्द फार वाढले आहेत. चौकात पांढरी टोपी दिसली की लांब गाडीसुद्धा आखूड होते, हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय.

मोहिमेचा दिवस म्हणजे बहुधा श्रावणातला रविवार. जायचं असतं मावळात, टाकव्याच्या पुढे, आंदर मावळाच्या डोंगरांत. पहाटे पाचला निघायचं असं ठरतं, साडेसातला मिसळ खाल्ली जाते आणि नऊला खरी सुरुवात होते. सुरुवात म्हणजे गाड्या थांबवून हवा सोडणे. डांबरावर बत्तीस-पस्तीस असलेली हवा अठरा-वीसवर आणतात. टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो, तो दगडाला लपेटून घेतो आणि चिखलात कमी रुततो. हे सगळं खरं आहे. मोठ्या टायरांत ती हवा परत भरायला किती वेळ लागतो हे मात्र निघताना कुणी सांगत नाही. संध्याकाळी डांबराच्या कडेला रांगेने उभ्या राहून ‘टर्रर्र’ करणाऱ्या त्या छोट्या कॉम्प्रेसरभोवती जी मैफल जमते, तिच्यात अनेक आयुष्यभराच्या मैत्र्या झाल्या आहेत. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

मग एक बटण फिरवून गाडी ‘फोर लो’मध्ये टाकतात. यात चाकांचा वेग सुमारे अडीचपट कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. इंजिन ओरडतं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. मला या छंदातली सगळ्यात भावलेली गोष्ट ही. जगात दुसरा एकही खेळ नसेल ज्यात ताशी चार किलोमीटरने जाऊन माणूस घामाघूम होतो आणि मागचे लोक टाळ्या वाजवतात.

आणि स्पॉटर. त्याच्याविषयी सावकाश बोललं पाहिजे.

स्पॉटर म्हणजे गाडीपुढे उलट्या पावलांनी चालत चालकाला हातवारे करणारा माणूस. चालकाला बॉनेटमुळे समोरचे दगड दिसत नाहीत, म्हणून तो स्पॉटरच्या डोळ्यांनी बघतो. नियम कडक आहेत. स्पॉटर एकच असावा, बाकीच्यांनी गप्प राहावं, हात मोठे हलवावेत, आणि थांब म्हणजे थांब. हे नियम ज्या देशांत गप्प राहणारी माणसं मिळतात तिथे तयार झाले असावेत. मावळात गाडी खडकावर चढू लागली की उपस्थितांपैकी प्रत्येक मराठी माणूस स्पॉटर होतो. एक म्हणतो “डावीकडे घे”, दुसरा म्हणतो “त्याचं डावं की तुझं डावं?”, तिसरा म्हणतो “मुळात वरून यायला हवं होतं”. एक जण मोबाइलवर चित्रीकरण करत “अजून एकदा कर, आवाज नाही आला” म्हणतो. आणि या सगळ्यांच्या मागे आपली ती सनातन हाळी, जी एसटीच्या स्टँडवर जन्माला आली आणि मंगळावर गाडी उतरली तरी थांबणार नाही: “येऊ दे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे… झालं!” यातल्या ‘झालं’चा अर्थ ‘थांब’ नसून ‘आपटली’ असा आहे. मी इतक्या वर्षांत एकही ‘झालं’ वेळेवर आलेलं पाहिलेलं नाही.

लांब गाडीचा स्पॉटर तर दोन टोकांना लागतो. वळणावर मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतून कापत येतं. पूर्ण स्टिअरिंग मारलं तर जवळजवळ मीटरभर आतून. पुढचं चाक दगड चुकवून छान निघून जातं आणि चालक खूश होतो. तोच दगड मागचं चाक नीट शोधून काढतं. शिवाय हौद्याचा शेपटाकडचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागे लोंबत असतो. खड्ड्यातून बाहेर पडताना तो जमीन खरवडतो. मेव्हण्याचा मागचा नंबर आजवर पाच ठिकाणी वाकलाय आणि एका ठिकाणी, वाहतूक पोलिसाच्या मते, ‘कलात्मक’ झालाय.

पण न्यायाने बोलायचं तर त्या तीन मीटरांचेही दिवस येतात. एका उभ्या चढावर, जिथे पावसाने मधोमध घळ पाडली होती, तिथे आखूड गाड्यांची त्रेधा उडाली. आखूड गाडी उभ्या चढाला नाक वर करते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही आणि गाडी डावी-उजवीकडे नाचते. आमची लांबुळकी तिथे शांतपणे वर गेली. वजन पुढे-मागे पसरलेलं, पुढची चाकं जमिनीला धरून, घळीवर अल्लाद पूल होऊन. वर पोचल्यावर मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला माहीत होतं की मी कागदावरचं गणित आठवत असणार. चढाचं गणित मी मांडलं नव्हतं, हे मान्य.

जगभर या गाड्यांचं हेच चालतं. अमेरिकेत यूटा राज्यातल्या मोआबला १९६७ पासून ईस्टरच्या सुमाराला जीपवाल्यांची जत्रा भरते. तिथल्या नव्या जीप पिकअपचा व्हीलबेस तर साडेतीन मीटरला भिडतो. आपल्या पिकअप तिच्यापुढे बुटक्या. बे एरियातला मेव्हण्याचा वर्गमित्र मोआबहून जे व्हिडिओ पाठवतो त्यात गाड्या भिंतीवर चढतात. पण तिथला खडक वालुकाश्म. घोड्यांचे लोखंडी नाल त्याच्यावर घसरायचे म्हणून त्याला निसरडा म्हणतात. रबर मात्र त्याला घट्ट धरतं. आमचा सह्याद्री काळ्या बसाल्टचा, त्यावर चार महिने पाऊस, पावसावर शेवाळ. त्याच्यावर ना नाल धरतो ना रबर. त्या वर्गमित्राने एकदा आंदर मावळात येऊन भिंतीवर चढून दाखवावं, मिसळ मी देईन.

चिखलाचंही तसंच आहे. घाटमाथ्यावरची लाल माती निदान सोडते तरी. बारामती-सोलापूरकडच्या काळ्या मातीत हे खोल नक्षीचे टायर पहिल्या दोन फेऱ्यांत गच्च भरतात आणि मग चार गोल, गुळगुळीत मातीचे लोड उरतात. वाफसा आल्याशिवाय शेतकरी रानात बैलसुद्धा घालत नाही. आमची मंडळी मात्र वाफशाच्या आदल्या आठवड्यातच हटकून जातात, कारण वाफसा आल्यावर अडकायला होत नाही. गोव्यात तर २०१४ पासून ऐन पावसाळ्यात याच्या स्पर्धा होतात आणि विंच लावून नाल्यातून गाड्या काढण्याला गुण मिळतात. हौस एवढी टोकाला गेली की ती क्रीडा होते.

असो. त्या दिवशी चढ जिंकल्यामुळे आमच्याकडे आत्मविश्वास जास्त झाला होता. पुढे वाट एक जुना, उंच बांध ओलांडत होती. आखूड गाड्या सरळ गेल्या. मेव्हणाही सरळ गेला. पुढची चाकं पलीकडे उतरली, ‘खर्र्र’ झालं, आणि गाडी थांबली. धोंड्याच्या महिन्यात पाटावर बसवलेल्या जावयाची जी अवस्था असते तीच: पोट टेकलेलं, हातपाय हलत नाहीत, आणि भोवती सगळे उभे राहून आता काय वाढावं याचा विचार करतायत. चाकं फिरत होती, पण वजन सगळं बांधावर; चाकांना फिरण्यापलीकडे काम नव्हतं.

विंच काढायची वेळ आली म्हणून सगळ्यांना आनंद झाला. विंचेला झाड लागतं. आजूबाजूला कारवी होती, गुडघाभर गवत होतं, आणि लांब एक उंबर होता जिथवर दोर पोचत नव्हता. तेव्हा पुढे गेलेल्या एका आखूड गाडीलाच खुंटा करायचं ठरलं. दोर तिला बांधला, बटण दाबलं, दोर ताणला गेला, आणि ओल्या गवतावरून ती आखूड गाडी हळूहळू आमच्याकडे घसरत आली. एवढं सामान लादलेली दोन टनांच्या वरची पिकअप बांधावर बसलेली, आणि समोर तिच्याहून हलकी गाडी. विंचेने आपलं काम चोख केलं. कुणाला ओढायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावर इरलं घेतलेले एक काका बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी पाहून घेतलं. मग म्हणाले, “अडाकली का?”

“हो काका.”

“हितून कशाला घातली? रस्ता तिकडून हाय की.”

“रस्ता आहे ते माहितीये, काका.”

“मग?”

या ‘मग’ला आमच्यातल्या एकाही अभियंत्याला उत्तर देता आलं नाही. काकांनी दुसरा प्रश्न विचारला, “भरलंय काय गाडीत?” मेव्हण्याने हौदा उघडून दाखवला. तंबू, फ्रिज, ड्रॉवर, फावडं. काकांनी सगळ्यावरून नजर फिरवली, फावड्यापाशी थांबले आणि म्हणाले, “बांध उकरू नका. माझा हाय.”

पुढचा अर्धा तास काकांचा. जॅक लावून एकेक चाक उचलायला लावलं, खाली चपटे दगड रचायला लावले, आणि मग वस्तीवरून पुतण्याला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. ट्रॅक्टरने एका झटक्यात पिकअप बाहेर काढली. विंचेकडे पाहून पुतण्या म्हणाला, “हे बरं दिसतंय. विहिरीतली मोटर निघंल का याच्यानं?” आम्ही पैसे विचारले. त्याने डिझेलचे मागितले, वर आम्हाला चहा पाजला. चहा पीत असतानाच त्याच वाटेने एक बोलेरो पिकअप आली. व्हीलबेस तिचाही तीन मीटरच्या वरच. टायर गुळगुळीत, मागे दुधाच्या किटल्या आणि हिरव्या वैरणीचे भारे, भाऱ्यांवर दोन शाळकरी पोरं. चालकाच्या पायात स्लिपर, कानाला फोन. बांध आला तशी त्याने गाडी तिरपी घातली. एक चाक वर चढलं, उतरलं, मग दुसरं, मग तिसरं, मग चौथं. पोट कुठे लागलंच नाही, कारण बांधाचा माथा पोटाखाली सरळ आलाच नाही. फोनवरचं वाक्यही त्याने मध्ये तोडलं नाही.

“तिरपी घ्यायची असती,” काका मेव्हण्याला म्हणाले. “लांब हाय ना.”

हे सहा शब्द कुठल्याही लिफ्ट किटच्या खोक्यावर छापलेले नसतात. तसं हे डोंगर ओलांडण्याचं शास्त्र आपल्याकडे जुनंच आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, त्याआधी साहेबांच्या घोडागाड्या बांबूंना बांधून हमालांच्या खांद्यांवरून वर नेत. त्याच्याही आधी नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून माल जात होता, तो बैलांच्या पाठीवर. बैलाचा व्हीलबेस आखूड, चारही पायांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि त्याला लिफ्ट किट लावा असं कुणी म्हणत नाही.

मेव्हण्याने गाडी विकलेली नाही, विकणारही नाही. बरोबरच आहे. कामाच्या गाडीला चिखल लागला तर तो कुणी मोजत नाही. छंदाच्या गाडीला लागला की त्याचे फोटो निघतात. एवढ्या महागाईत माणसाला रविवारी ताशी चार किलोमीटरने खूश होता येत असेल तर त्याला अडवणारे आपण कोण? माझी तक्रार फक्त त्या उत्साही मंडळींबद्दल आहे जी वाट संपल्यावरही थांबत नाहीत आणि पावसाळी सड्यांच्या गवतावर, लावणी झालेल्या भातखाचरांच्या कडेने गाड्या गरगर फिरवतात. सड्यावरची माती जेमतेम बोटभर असते; ती एकदा चाकाने उलटली की पुढच्या पावसात वाहूनच जाते. वनखात्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय शिरणं हा सरळ गुन्हा आहे.

तेव्हा तुम्हीही लांब पिकअप घेऊन डोंगरात जाणार असाल तर जरूर जा, पण मळलेली वाट सोडू नका, एकटी गाडी नेऊ नका, आणि बांध आला की तिरपी घ्या. आणि गावात शिरताना पहिल्या टपरीवर चहा घेऊन ट्रॅक्टर कुणाकडे आहे ते विचारून त्याचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. विंच नंतर घेतलीत तरी चालेल.